टेबल, त्याचे कापलेले पाय आणि माझा मुलगा

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, वय एकाहत्तर, आज सकाळी स्वतःचा रक्तदाब स्वतः मोजून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागावलेली आहे, पण रागावलेल्या माणसाला शुद्ध नसते असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही. याआधीचे लिखाण रद्द समजावे.

कलम १. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात मुलीला मिळावे. ती बस चालवते, म्हणून तिचा भाऊ चारचौघांत तिला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणतो. हा माझा मुलगा बांधकामाचा ठेकेदार आहे. त्याला घर का नाही, हे पुढे येईल. धीर धरावा.

कलम २. यजमान गेल्यावर मुलाने आमचे जेवणाचे टेबल न विचारता उचलून नेले. वर म्हणाला, "एकट्या माणसाला एवढं टेबल कशाला गं, आई?" मी भांडले नाही. फळ्या आणल्या, करवत आणली आणि उभ्या जन्मात खिळा न ठोकलेल्या बाईने टेबल करायला घेतले. बोट ठेचले, एका फळीला भोक भलत्याच बाजूने पाडले, तरी टेबल झाले. फक्त स्वयंपाकघरात ठेवले की डुगडुगायचे.

नवशिक्याला वाटते, चूक आपलीच. मी ते दारापुढच्या ओट्यावर नेऊन उलटे ठेवायची, पाय मोजायची, एखादा केसभर लांब वाटला की चारही पुन्हा सारखे कापायची. आत आणले की पुन्हा तेच. मुलगा रविवारी यायचा, चहा पीत बघायचा. "अजून थोडं काप, आई. जमतंय तुला." सून तोंडाला पदर लावून हसायची. कापता कापता टेबलाचा पाट व्हायची वेळ आली.

एकदा मुलीने ते ओट्यावर सहज सुलटे ठेवले. जागचे हलले नाही! टेबल सरळ होते, स्वयंपाकघराची फरशी वाकडी होती. ती फरशी मुलाने बसवलेली. विचारले तर म्हणतो, "मला माहीत होतं गं. पण सांगितलं असतं, तर तू सगळी फरशी उखडायला लावली असतीस."

लावलीच असती. चोर तो चोर, वर शिरजोर! फरशीचे मला काही नाही. स्वतःची चूक झाकायला त्याने आईला चुकीची ठरू दिले आणि वर शाबासकी दिली, याचा मला राग आहे. तो मी बरोबर घेऊन जाणार आहे.

कलम ३. टेबल मुलीला. "मांडी घालून बसलं की उंची अगदी बरोबर आहे, आई," असे ती म्हणाली आणि त्यावर जेवली. ते जाळू नये, माळ्यावर टाकू नये.

कलम ४. करवत सुनेला. हसून झाले असेल, तर एक पाय सरळ कापून दाखवावा.

कलम ५. पायांचे कापलेले तुकडे मी पिशवीत जपून ठेवले आहेत. ते सर्व मुलाला द्यावेत. त्याने बांधलेल्या घरांत जे जे डुगडुगेल, त्याखाली घालावेत. मात्र आधी त्या घरातल्या म्हातारीला खरे सांगावे.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा सुतार. फळ्या याच्याच, टेबल पाहून हा हसला नाही.
२. शेजारीण. ही हसली, पण तोंडावर.

ठिकाण: घराचा ओटा, हेच टेबल. दिनांक ९ फेब्रुवारी.

सही करताना टेबल हलले नाही. दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहे.

(सही) मुलाची आई