मागच्या चेंबरमधल्या बाटल्या

।। श्री ।।
कळसाडी, ता. शहादा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मयूरीस, हेमकांतचे अ. उ. आ.

तुझा फोन येतो तेव्हा आई शेजारीच असते आणि स्पीकर लावायला सांगते. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आप्पांना जाऊन दीड महिना होत आला. केळी पिकवायच्या मागच्या चेंबरची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची. उन्हाळ्यापासून त्यात माल नव्हता, तरी मशीन चालू असे. विचारलं तर म्हणायचे, गॅस तपासतोय. मी काल ते उघडलं. रिकाम्या कॅरेटमागे जाड काचेच्या सहा बाटल्या निघाल्या, बुचावर तार बांधलेल्या. चार रिकाम्या, दोन भरलेल्या. लेबलवर तुमच्या दिंडोरीचा पत्ता आहे. पेपरात गुंडाळलेले दोन उंच, निमुळते ग्लासही होते.

सोबत एक वही आहे. अक्षर आप्पांचं. ‘१९ जून, साडेतेरा अंश, निम्मा माल फेसात गेला.’ ‘१७ जुलै, साडेतेरा, पुन्हा तेच.’ अशा नोंदी आहेत. मी तारखा जुळवून पाहिल्या. तुझे ईश्वरराव कंपनीच्या औषधांचा दौरा म्हणून शहाद्याला येऊन गेले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नोंद आहेच.

आप्पा गावाच्या दारूबंदी समितीचे बारा वर्षं अध्यक्ष होते. मारुतीसमोर पाणी सोडून त्यांनी शपथ घेतली होती. त्यांचं हृदय कमजोर आहे हे ईश्वररावांना माहीत होतं. दुसरा ग्लास कोणाचा, हे विचारण्याची मला गरज वाटत नाही. धुडकू तीस वर्षं चेंबरवर आहे, तो ‘माले काही माहीत नही, भाऊ’ एवढंच म्हणतो आणि मान खाली घालतो.

एक तारखेला, रविवारी, ईश्वरराव आईला तुमच्याकडे न्यायला येणार आहेत. खरं काय ते कळेपर्यंत मी आईला त्यांच्या गाडीत बसू देणार नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

मुलीला आशीर्वाद. माझ्या कडक लिहिण्याचा राग आला तरी उत्तर लिही.

हेमकांत


दिंडोरी
२२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास, मयूरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राग आला. तारखा जुळवत बसलास म्हणजे तू बरा आहेस, असंही वाटलं. लहानपणी माझ्या दप्तरातल्या चिंचा मोजायचास, तसाच आहेस.

आधी माझा गुन्हा सांगते. मी द्राक्षाच्या रसाच्या कंपनीत आहे असं घरी सांगितलं होतं. तो रस नाही, वाइन आहे. फसफसणारी. मी तिथल्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या वर्षीच्या दिवाळीत आप्पांनी माझ्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव वाचलं. मी मार खायच्या तयारीत होते. त्यांनी ओळखपत्र परत दिलं आणि विचारलं, की हा माल किती अंशावर ठेवतात. मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, ग्लासात वाढताना सहा ते आठ. त्यावर ते म्हणाले, की चाळीस वर्षं केळी पिकवतोय, तेराच्या खाली गेलं की साल काळी पडते, मला शिकवू नकोस.

त्यामुळे ते साडेतेरा कुठून आले हे मला कळलं. इतक्या गरम बाटलीचं बूच काढलं तर फेस छतालाच जाणार. पण बाटल्या तिथे पोचल्या कशा हे मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र आल्यावर मीसुद्धा ह्यांची दौऱ्याची बॅग तपासली, लाज वाटते सांगायला. बॅगेत काही नव्हतं. विचारलं तेव्हा कबूल केलं, की आप्पा पैसे देऊन मागवायचे आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. आपण आप्पांसोबत एकदाही बसलो नाही, असं हे मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. मी विश्वास ठेवला आहे. पूर्ण ठेवला आहे असं लिहवत नाही.

वहीची पुढची पानं पाहा. आणि धुडकूला दरडावू नकोस, त्याला समोर बसवून चहा दे. भरलेल्या बाटल्या हलवू नकोस, आणि फ्रीजरमध्ये तर ठेवूच नकोस, फुटतील.

आईला पाठव. मला तिची गरज आहे, हे भांडणात राहून गेलं.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया या पत्रानंतरही असू दे.

मयूरी


।। श्री ।।
कळसाडी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मयूरीस, अ. उ. आ.

वहीची पुढची पानं पाहिली. ऑगस्टमध्ये अकरा अंश, ‘फेस कमी’. सप्टेंबरमध्ये ‘दुधाच्या कॅनमध्ये बर्फ आणि पाणी, अर्धा तास, आठ. बूच धरून बाटली फिरवली. आवाज नाही. सांडलं नाही.’ त्यापुढे काही नाही.

धुडकूला चहा दिला. त्याने कप खाली ठेवला आणि रडायला लागला. आप्पा पीत नव्हते, असं तो म्हणाला. उघडायचे, ओतायचे, पाहायचे आणि उरलेलं मोरीत सोडायचे. त्यालाही कधी घोटभर दिलं नाही, हे त्याने जरा रागानेच सांगितलं. सहा ऑक्टोबरला आप्पांनी त्याला शहाद्याहून बर्फाची लादी आणायला पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा आप्पा चेंबरच्या दारात पडलेले होते. आपण गेलो नसतो तर, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणतो. तू येईपर्यंत आप्पांना ज्या बर्फावर ठेवलं, तो तोच बर्फ. कुठून इतक्या लवकर मिळाला, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

तरी दुसरा ग्लास राहत होता. धुडकू त्याबद्दल बोलेना. मला पुन्हा ईश्वररावांचा संशय आला, हे लपवत नाही. मग मी तो ग्लास घेऊन सरळ आईपुढे ठेवला.

आईने तो पदराने पुसला. म्हणाली, हा माझा. आप्पांना शपथ होती, जीभ लावता येत नव्हती. तिने कुठलीच शपथ घेतली नव्हती, समितीने बायकांना कधी विचारलंच नव्हतं. म्हणून चाखायचं काम तिच्याकडे. पहिल्या वेळी ती म्हणाली होती, हाई ते गरम शे, बुडबुडा नाकमा जातस. आप्पा तेवढं ऐकून पुढच्या वेळी थंड करायचे. आठ अंशांवरचं तिला आवडलं. खाटं-आंबट आहे पण चांगलं आहे, असं म्हणाली, आणि हे सांगताना हसली. आप्पा गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती.

भाऊबीजेला तू आणि ईश्वरराव आलात की आप्पा स्वतः तुम्हाला वाढणार होते. मुलीने केलेला माल बापाला नीट वाढता आला पाहिजे, नाहीतर ती आयुष्यभर खोटं बोलत राहील, असं ते आईला म्हणाले होते.

मी आईला विचारलं, एवढे महिने एका घरात असून मला का सांगितलं नाही. आईने सहज सांगितलं, की आप्पा म्हणायचे, हेमकांतला सांगू नकोस, तो आधी संशय घेईल आणि मग विचारेल.



रविवारी ईश्वररावांना येऊ दे. मी चौकात उभा राहीन. मला त्यांच्याशी जे बोलायचं आहे ते मी समोरच बोलेन, पत्रात नाही. आईची पिशवी भरून झाली आहे. महिन्याने तिला परत आणायला मी येईन. तुझं लग्न झाल्यापासून मी तुझ्या घरी आलेलो नाही, हे मला आज मोजल्यावर कळलं.

तोवर आईला जप. माझ्यावर रागाव, पण परका करू नकोस.

तुझा
दादा