मोहाखालचा पाला

२ मार्च २०२५, रविवार

आज टाळ्या. माझ्यासाठी! आणि मी निर्लज्जासारखी उभी राहून हसले.

मुकुटबनला शिबिर होतं — हवामान बदल आणि गावाकडची तरुण मंडळी, असं काहीतरी लांबलचक नाव. नागपूरहून आलेल्या सरांनी पडद्यावर बर्फातलं पांढरं अस्वल दाखवलं. बर्फ वितळतो म्हणून ते उपाशी. आमच्या गावच्या छोट्या सोनूने हात वर केला, "सर, हे मोह खाते काय?" सगळा हॉल हसला. पण सोनू गंमत करत नव्हती. आमच्याकडे मोहफुलाच्या दिवसांत अस्वल झाडाखाली येतंच, त्यात विचित्र काय?

सर चांगले निघाले. म्हणाले, ते अस्वल राहू द्या, तुमच्याकडे काय बदललं ते सांगा. मग कुणी थांबेना. मार्चातच बेचाळीस. अवकाळीने तूर काळी पडली. मोह आधी गळतो आणि निम्माच गळतो. फैज — त्याचं मुकुटबनला मोटारी-इंजिनं दुरुस्तीचं दुकान आहे — म्हणाला, "पहिले कूलर मे महिन्यात येत होते रिपेरिंगले. आता होळीच्या आधीच लाइन लागते. मले त फायदाच हाय सर, पण भेव वाटते."

शेवटी प्रत्येक गावाने एकच काम ठरवायचं होतं. मी उठले. म्हटलं, आमच्या गावात यंदा मोहाखालचा पाला कुणी जाळणार नाही.

म्हणून टाळ्या.

आता खरं लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिता-बोलता येत नाही. मागच्या वर्षी २८ मार्चला आमच्या जंगलाला आग लागली, ती माझ्या हातची.

मोहफूल पहाटे गळतं. पाल्यात पडलं की सापडत नाही, म्हणून प्रत्येक घर आपल्या झाडाखालचा पाला जाळून जागा लख्ख करतं. आज्या-पणज्यांपासूनची रीत आहे. भोवती झाडून रिंगण करायचं, काडी लावायची आणि विझेपर्यंत हिरवी फांदी घेऊन तिथेच उभं राहायचं. माय म्हणाली, "जाय, आपल्या झाडाखालचं जाळून ये." मी गेले. काडी लावली. आणि वनरक्षक भरतीची यादी लागली का ते बघायला टेकडीवर चढले, कारण नेटवर्क तिथेच येतं. परत आले तर आग रिंगणाबाहेर! फांदीने झोडपलं, हात भाजला, मग पळाले. कुणाला काही बोलले नाही. चुलीचा चटका बसला म्हणाले.

जंगल दोन दिवस जळलं. उकंडाकाकांचा मोठा मोह उभाच जळाला. खोड पोकळ होतं, आग आतून वर चढली.

वनरक्षक व्हायचंय म्हणे बाईसाहेबांना.

५ मार्च

बायकांची बैठक घेतली, अंगणवाडीच्या ओट्यावर. इंदुताई बचत गटाच्या अध्यक्ष, त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणाल्या, "पाल्यात इचू असते, साप असते. तू येशील काय पहाटे चारले हात घालाले? काहून जाळू नये मंग?" खरंच आहे त्यांचं. जंगल जळावं असं त्यांना थोडंच वाटतं! फूल वेळेत वेचलं नाही तर गुरं खातात, ऊन चढलं की तेही जातं. त्यांना वेळ वाचवायचा असतो, बस.

सगळ्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात मागून उकंडाकाका बोलले, "पोरगी म्हणते त एक साल करून पाहू ना. आमचं त जळलंच. बाकीच्यायचं राहो."

काका आमच्या नात्याचे नाहीत, शेजारचे. मला खांद्यावर बसवून अंगणवाडीत न्यायचे. त्यांच्या शब्दावर बायका थांबल्या. मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत!

९ मार्च

फैजने कमाल केली. पेट्रोलवर चालणारं फवारणीचं जुनं मशीन उघडून त्याचा नुसता वारा सुटेल असं केलं. पाठीला अडकवायचं आणि पाला उडवत जायचं. पहिल्याच दिवशी सगळा पाला इंदुताईंच्या अंगावर! ताई अशा काही शिव्या हासडत होत्या की फैज मशीन चालू ठेवूनच पळाला, त्यामुळे तो जिकडे पळाला तिकडे पाला उडत गेला. हसून हसून पोट दुखलं.

अकरा झाडांखालची जागा साफ झाली. पाला खड्ड्यात टाकून वर शेणकाला ओतला. पावसाळ्यानंतर खत होईल. सोनूला आता रोज काम हवंय. पाच पोरं होतो, चौदा झालो.

१४ मार्च

धुळवड. काकांनी कपाळाला रंग लावला. म्हणाले, "साहेबीण होजो वो माय." लहानपणापासून मला लाडाने 'माय'च म्हणतात. मी पाया पडले आणि उठावंसंच वाटेना.

१९ मार्च

फजिती! शहाणपण नडलं.

आम्ही ठरवलं, बायकांना पहाटे वाकायलाच लावायचं नाही. झाडाखाली ताडपत्र्या अंथरल्या. कापूस झाकायच्या, घरोघरी पडून असतात. ऐटीत सांगितलं, सकाळी आठला आरामात या आणि ताडपत्री उचलून फुलं ओता. आठला गेलो तर रात्रीचं दव ताडपत्रीवर साचलेलं, वरून ऊन, आणि फुलं त्या पाण्यात शिजून काळी. आंबूस वास सुटलेला. टोपल्यांच्या टोपल्या वाया.

इंदुताई म्हणाल्या, "दारूच गाळाची होती त तसं सांगाचं ना पोट्टेहो!" हसल्या कुणीच नाहीत. दोघी-तिघी तर तोंडावर बोलून गेल्या, उद्या आम्ही आपली काडी लावतो. बरोबर आहे. मोह म्हणजे त्यांचं वर्षाचं तेल-मीठ, आमचा प्रयोग नव्हे.

मी ओट्यावर बसून रडले. काका आले, जवळ बसले. "फुलाले हवा लागते वो. खालून पाणी गेलं पायजे." मग घरी गेले आणि पेटी उघडून काकूंची लुगडी घेऊन आले. सुती, नऊवारी, घडीवर घडी घातलेली. काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या लुगड्याला हात लावायचा तर मला भीतीच वाटली. काका म्हणाले, "पेटीत राहून काय करन थे. अंथर."

सोनूने घरून आईची साडी आणली. मग एकेकीने. माय पण दोन घेऊन आली, एक तर चांगली होती, सणाची! म्हटलं, ही कशाला? "असू दे," म्हणाली.

दुपारभर चौदा जण साड्या जोडून टाके घालत होतो. फैजचे टाके सगळ्यांत सरळ. त्याची माय शिवणकाम करते म्हणे.

२१ मार्च

जमलं! फुलं कोरडी, पिवळी, स्वच्छ. माती नाही, पाला नाही. इंदुताईंनी मूठभर हातात घेऊन नुसती पाहिली. मग आपल्या टोपलीत ओतली. म्हणजे पास!

कुणीही काडी लावली नाही.

२३ मार्च

पहाटे गेलो तेव्हा झाडांखाली सगळीकडे साड्या, आणि वरून टप टप फुलं. सोनू म्हणाली, "आपलं जंगल नटलं वो." खरंच फार सुंदर दिसत होतं.

पुढे ओढ्याजवळ काकांचा जळका मोह. काळा, एक पान नाही. त्याच्याखाली काकांनी एक लुगडं अंथरलं होतं! चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून, नीट. आणि बाजूला स्वतः बसून.

मला वाटलं, काकांचं डोकं फिरलं की काय. म्हटलं, काका, इथे कुठलं फूल पडणार? म्हणाले, "माहीत हाय ना मले. पण साऱ्यायच्या झाडाखाली हाय, अन् तिच्याच झाडाखाली रिकामं कसं ठेवू?"

हा मोह काकूंचा. त्यांच्या बापाने लग्नात त्यांना दिला होता. आमच्याकडे जंगलातल्या झाडांचीही अशी वाटणी चालते. चाळीस वर्षं काका-काकू दोघं याखाली वेचायचे. काका टोपली धरायचे आणि काकू बोलायच्या, असं माय सांगते.

मी तिथून निघून आले. मी हे त्यांच्यापासून लपवून अजून एक दिवसही जगू शकत नाही. पण सांगितलं तर? ते मला 'माय' म्हणायचं सोडतील. नोकरी हुकली तर हुकली, ते मात्र मला सहन होणार नाही. हे आज पहिल्यांदा कळलं.

२८ मार्च

वर्ष झालं. सांगितलं.

त्याच झाडाखाली. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. नुसतं म्हटलं, काका, ती आग मी लावली होती, आणि टाकून गेले होते. काका माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दगड बाजूला केले, लुगडं झटकलं, घडी घातली. घडी जमेना. मी धरायला गेले तर म्हणाले, "राहू दे."

निघून गेले. वळून पाहिलं नाही.

घरी मायला सांगितलं. ती भांडं घासत होती, तशीच थांबली. मग म्हणाली, "आता आणखी कोणाले बोलू नको. भरतीचा फार्म भरला हायेस ना? गार्डाच्या कानावर गेलं त केस होईन."

३० मार्च, पाडवा

काका वेचायला येत नाहीत. सकाळी दार बंद होतं. मायने पुरणपोळी पाठवली, मी उंबऱ्यावर ठेवून आले. दार उघडलं नाही.

२ एप्रिल

ताटली धुऊन आमच्या ओट्यावर परत ठेवलेली. कधी ठेवून गेले कळलंच नाही.

३ एप्रिल

सोनू विचारते, "उकंडाकाका काहून येत नाही?" माहीत नाही म्हटलं. पुन्हा खोटं!

११ एप्रिल

त्रेचाळीस डिग्री. शेजारच्या दोन गावांच्या बाजूने धूर दिसतो. आमच्याकडे नाही. पोरं पाळी लावून ओढ्याकाठी फिरतात, हातात हिरव्या फांद्या. परवा तिकडून आगीची एक जीभ आली होती, सात जणांनी झोडपून विझवली. मला अभिमान वाटला आणि लगेच स्वतःची चीड आली.

वनखात्याचे गार्डसाहेब आले होते. खूश! एक मेच्या ग्रामसभेत माझा सत्कार करणार. नारळ आणि शाल. म्हणाले, "मागच्या वर्षी लावणारा सापडला नाही, पण यंदा वाचवणारी सापडली."

पाणी आणते म्हणून आत गेले आणि तिथेच उभी राहिले.

२० एप्रिल

बाजारात काका समोरून आले. मला पाहून गल्लीत वळले. लहान पोरं मास्तरला पाहून वळतात ना, तसे. मला वाटलं होतं ते चिडतील, बोलतील, एखादी थप्पडही मारतील. ती परवडली असती.

३० एप्रिल

ठरलं. उद्या शाल घ्यायची नाही. सगळ्यांसमोर सांगायचं. केस झाली तर झाली. पोरांना काय वाटेल, याचं जास्त वाटतं. सोनू तर माझ्यासारखी वेणी घालायला लागली आहे.

मायला सांगितलं. मला वाटलं होतं, आकांत करेल. ती माझ्या ड्रेसची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "जाय मंग. अन् काडी लावाले मी सांगतलं, थे बी सांगजो. एकटीच्या अंगावर घेऊ नको."

कुशीत शिरले. एकवीस वर्षांची घोडी!

१ मे २०२५

सांगितलं. गार्डसाहेबांच्या हातात शाल तशीच.

मग मागून उकंडाकाका उठले. "पोरीनं मले महिन्याआधीच सांगतलं. मलेच तिले सांगता नाही आलं. त्या दिवशी सकाळी मी बी लावलती. माह्या बुढीच्या झाडाखाली. विझली म्हणून घरी गेलतो. सालभर मले वाटे, तिचं झाड मीच जाळलं."

इंदुताई उठल्या. "मी बी त्याच दिवशी लावलती." मग सोनूचे बाबा. मग एकेक करून आणखी काही जण. मी मोजत होते — आमचं धरून नऊ घरं. त्या सकाळी जंगलात नऊ आगी होत्या, आणि वर्षभर प्रत्येक जण एकेकटा समजत होता की जंगल आपणच जाळलं.

मी अजून उभीच होते. काकांनी सतरंजीवर सरकून जागा केली. "बस वो माय," म्हणाले.