पिक्चरमधल्या बाईचं जेवण

गुरुवार, ६ नोव्हेंबर १९८६

आज सकाळी वत्सलाला डॉक्टरकडे नेलं. परवा घागर उतरवताना तिला चक्कर आली होती. रक्त फार कमी आहे. "महिनाभरात वाढलं नाही तर नागपूरला न्या. रक्त चढवावं लागेल." मग त्यांनी मला विचारलं — "जेवते किती?"

मला सांगता येईना. अठ्ठावीस वर्षांचा संसार — आणि बायकोला जेवताना मी पाहिलेलंच नाही!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

टॉकीजमध्ये बायकांच्या दाराशी तिकिटं फाडतो, त्याला वीस वर्षं झाली. आज नवा पिक्चर लागला. सुटल्यावर कलाबाई थांबली. संत्र्याच्या मंडीत कामाला आहे, एकही पिक्चर सोडत नाही. म्हणाली, "भाऊ, त्या मायनं हिरोले तीनदा वाढलं. थे सोता कवा जेवली जी?" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही.

उद्यापासून मोजणार. कोणत्या पिक्चरमध्ये बाई जेवते.

रविवार, १६ नोव्हेंबर

मोजायचे नियम कलाबाईनेच घालून दिले. बाईसमोर तिचं स्वतःचं ताट पाहिजे. हिरोनं भरवलेला घास धरायचा नाही. भाजी चाखली, तेही नाही.

"अन् प्रसाद?"

"प्रसादानं पोट भरते काय, भाऊ?"

जरा लागलं मला ते.

रविवार, ३० नोव्हेंबर

सात पिक्चर झाले, दुपारच्या खेळातले जुने धरून. पुरुष जेवले एकोणीसदा. बाई — एकदा! तीही खलनायिका, पलंगावर बसून एकटीच सफरचंद खात होती. ताट नव्हतं, पण कलाबाई म्हणे, "धरा. बिचारी पोटभर तं खाऊन राहिली."

मशीनवाला रवींद्र म्हणतो, "काका, बाया जेवत बसल्या तर रडन कोण?"

मंगळवार, २ डिसेंबर

आता घरीही पाहून राहिलो. आधी देव, मग मी, मग आई, शेवटी ती. आणि मी येतो दुपारचा खेळ सुटल्यावर, चारला. नैवेद्यही तेव्हाच दाखवतो. म्हणजे चारपर्यंत तिच्या पोटात कपभर चहा! स्वयंपाक दहाला होतो.

म्हणालो, "तू जेवून घेत जा." तर म्हणते, "नैवेद्याच्या आधी? काहीच्या काही!"

आई आतून बोलली, "पिक्चरच्या बाया पाहूपाहू डोकं फिरलं याचं."

मी पाटावर बसलो. आणि जेवलो.

शनिवार, ६ डिसेंबर

रक्त वाढलं नाही. डॉक्टर म्हणाले, अजून दहा दिवस पाहू.

शनिवार, १३ डिसेंबर

जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाऊन आलो. आमच्या घरात देवाच्या आधी कोणी जेवलेलं नाही — आजोबांपासून. ते मोडू का, एवढंच मारुतीला विचारायचं होतं. समोर गेलो आणि नुसता हात जोडून उभा राहिलो. रांग पुढे सरकली.

घरी येऊन प्रसाद वत्सलाच्या हातावर ठेवला. तिनं तो निम्मा करून आधी आईला दिला, उरलेला मला.

फार थकलो आहे.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी दहाला वत्सलाचं ताट वाढलं. मी वाढलं. आई उठून ओसरीवर गेली. वत्सला भिंतीकडे तोंड करून जेवली — दीड भाकर.

नैवेद्य अजून व्हायचा आहे.