ओजसची न सुटलेली गाठ

मंगळवार, संध्याकाळ

रविवारी मी इथे लिहिलं की रामघाटच्या सफाईत ओजस एकटाच कामचुकार निघाला. ते चूक होतं.

मी ज्यांची दीदी आहे ते आमच्या स्काउट पॅकमधले कब, म्हणजे लहान मुलं, सकाळी स्कार्फला गाठ मारतात आणि दिवसाची भलाई, एखादं चांगलं काम, झालं की सोडतात. सफाईनंतर ओजसनं ती सोडली नाही. "काम केलं असतंस तर सुटली असती," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

आज त्याच्या आईचा फोन आला. "दीदी, ओजस स्कार्फ धुवायलाच देत नाहीये. गाठ सुटेल म्हणतो."

मग तोच बोलला. "दीदी, पायरीवरचे फुलं भरलेले पानांचे दोने मी पोत्यात भरले ना, ते कचरा नव्हते. फूलवाली अम्मा नंतर शोधत होती. ये कैसी भलाई?"

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रागावला होतात."

पायरीवर दिसेल ते उचला, असं मीच सांगितलं होतं ना? फोनवरच सॉरी म्हणून मोकळी झाले असते. पण बाबांची शिकवण आड आली: ज्यांच्यासमोर बोल लावला, त्यांच्यासमोरच मागे घ्यायचा. आणि अम्मा? तिची माफी तर वेगळीच.

माझ्या स्कार्फची गाठ मी रविवारी खुशाल सोडली होती. आज परत मारली आहे. सोडायची ती रामघाटावर, अम्मा आणि सगळ्या पॅकसमोर बोलून झाल्यावर, येत्या रविवारी सकाळी आठला.