दंडारीची वही कंपनीकडे गेली

पुणे, १२ मार्च २००८

चि. दौलत, तुला व घरच्यांना आशीर्वाद.

आपल्या गावच्या दंडारीच्या खेळातली सोंगे तू उतरवलेली ती वही तुला न विचारता द्यावी लागली, म्हणून लिहिते. माझ्या प्रेरणाने त्या वहीतल्या सोंगांवरच कॉम्प्युटर गेम केला होता. तिची छोटी कंपनी आता एका मोठ्या कंपनीने घेतली आणि मूळ कागदही मागितले. पोरीची नोकरी टिकली आहे. जेवते कमी.

आपल्या गावात सोंग सोडणारा जुना गडी ते सोंग घेणाऱ्या नव्याच्या तोंडाला स्वतः रंग लावतो, हे मी कंपनीच्या साहेबांना सांगितले. "मॅडम, सही पुरे," म्हणाले.

"काऊन देली?" म्हणशील. रागाव, पण लिही. गुडघा कसा आहे?

तुझी ताई

दिली: वही एक, पाने साठ, सोंगे तेवीस. पावतीत वही लिहिणाऱ्याचे, म्हणजे तुझे, नाव नव्हते, ते मी घालायला लावले.