दहा सेकंदांची नंदा

कर्वेनगर, पुणे
१० सप्टेंबर २००६

ती. समाधानमामांस,
सविनय जयभीम. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला टेलिफोनवर ऐकू येऊ नये, म्हणून आम्हाला पत्रं लिहावी लागतात. खराडीच्या ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही.

आजची बातमी मात्र पत्रानेच द्यावी अशी आहे. तुमच्या 'रेड सिग्नल' बँडची नवी सीडी आली. मुंबईच्या कंपनीने १९७४ची मूळ टेप कपाटातून काढली, संगणकावर साफ केली आणि वर 'रीमास्टर्ड' असं सोनेरी अक्षरांत छापलं. माझा छंद तुम्हाला माहीत आहेच. जुन्या रॉकची पहिली सीडी आणि नवी सीडी, दोन्ही विकत घ्यायच्या, हेडफोन लावून एकेक गाणं आलटूनपालटून ऐकायचं आणि कोण जिंकलं ते इंटरनेटवर लिहायचं. पायल म्हणते, एकच गाणं दोनदा विकत घेणारा नवरा तिने मागितला नव्हता. आजवर परक्यांच्या रेकॉर्डींचा न्याय केला, आता घरची पाळी आली.

मामा, नवी सीडी दहा पावलं पुढे आहे. १९९६च्या सीडीत सगळ्यांवर गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. आता शहेजादकाकांची गिटार लखलखीत वाजते, तुमचा माऊथ ऑर्गन समोर बसून वाजवल्यासारखा येतो, आणि आईचा आवाज किती कोवळा, किती हलका आहे. ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. माझ्याकडे तिचा आवाज म्हणून एवढं एकच गाणं आहे, आणि ते आता कुठे नीट ऐकलं असं वाटलं. मी रडलो, हे तुमच्या लेकीला, मैत्रीला, सांगू नका.

१२ नोव्हेंबरला आईचा पंचविसावा स्मृतिदिन. वंदनेनंतर सगळ्यांना हीच सीडी ऐकवायची ठरवली आहे. सोबत तुमची प्रत पाठवतो.
लोभ आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.
आपला,
धम्मदीप

नाशिक
१९ सप्टेंबर २००६

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद. सीडी पोचली. ऐकली. ती सुरेख मुलगी कोण आहे ते कळव, कारण ती माझी बहीण नाही.

नंदाचा आवाज कोवळा कधीच नव्हता. खडकीच्या शाळेत प्रार्थनेला तिला मुलांच्या रांगेत उभं करायचे. तो जड आवाज घेऊन ती इंग्रजी गाणी म्हणायला उभी राहिली, तेव्हा कॅम्पातली पोरं आधी हसली आणि मग गप्प बसली. त्या गप्प बसण्याची रेकॉर्ड निघाली, असं समज. तुझ्या सोनेरी सीडीत ती आठवीतली पोर वाटते.

कारणही सांगतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी वीज अशक्त होती. पंखे कसे फिरत होते ते मला अजून दिसतं. टेपचं यंत्र त्या विजेवर हळू फिरलं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की ती पळते आणि आवाज चढतो. मी हे तेव्हाच स्टुडिओच्या दशरथला दाखवलं, आणि टेपवरून रेकॉर्डीची तबकडी कापताना त्याने टेप तेवढी हळू चालवून घेतली. टेपच्या डब्यात मी माझ्या हाताने चिठ्ठीही ठेवली होती. शहाण्यांनी डबा उघडला आणि चिठ्ठी वाचली नाही, असं दिसतं. तुझी पहिली सीडी रेकॉर्डीवरून केलेली, म्हणून ती बरोबर आहे.

हे गाणं स्मृतिदिनाला लावू नकोस.
मैत्री बरी आहे. माझ्या चहातली साखर मोजते.
लोभ भरपूर आहे, ऐकू तेवढं कमी येतं.
तुझा मामा,
समाधान

पुणे
२७ सप्टेंबर २००६

ती. मामांस,
सविनय जयभीम. पत्र वाचून वाईट वाटलं. रागावू नका, पण एक विचारतो. मैत्रीशी बोललो. घरातला टीव्ही शेजारच्या इमारतीत ऐकू जातो म्हणे, आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ तुम्ही दोनदा चुकवली. नवी सीडी पातळ वाटते ती त्यामुळे तर नसेल?

मी आपल्या परीने चौकशी केली. कंपनीतल्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, आम्ही साक्षात मूळ टेप वापरली, याहून खरं काय असणार. तक्रार कुणाची आहे असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की मामांना थोडं कमी ऐकू येतं. त्यावर ते फार गोड हसले. जुन्या सीडीत गाणं चार मिनिटं दहा सेकंद आहे आणि नव्यात बरोबर चार मिनिटं, हे मीही पाहिलं. शेवटची शांतता कापली असेल.

शहेजादकाकांच्या घड्याळाच्या दुकानातही जाऊन आलो. त्यांना नवी सीडी फार आवडली. ऐकताना आपण पुन्हा विशीत असल्यासारखं वाटतं, म्हणाले.

शिवाय मी इंटरनेटवर लिहून बसलो आहे की नवी सीडी जिंकली. लोक माझ्या शब्दावर सीडी घेतात, मामा. आणि खरं सांगायचं तर तो कोवळा आवाज मला सोडवत नाही.
माया पातळ होऊ देऊ नका.
आपला,
धम्मदीप

नाशिक
४ ऑक्टोबर २००६

चि. धम्मदीप यास,
आशीर्वाद. तू माझे कान काढलेस, तेही परक्या माणसाजवळ. मला लागलं. लागलं ते लिहितो, म्हणजे पुढे मनात राहायला नको.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, बारीक आवाज गेले आहेत, जाड शाबूत आहेत. नंदा जाडातली. तेव्हा कान गेले असतील, सूर गेलेला नाही.

शहेजादला माझा जयभीम सांग आणि विचार, जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला दहा सेकंद पुढे पळालेलं गाणं कळलं नाही, तर गिऱ्हाइकांचं काय होत असेल. विशीत गेल्यासारखं वाटणारच. त्याची बोटं विशीतही एवढी चपळ नव्हती.

आता माझ्या कानांवर विश्वास ठेवू नकोस, पितळेवर ठेव. या पार्सलात माझा माऊथ ऑर्गन आहे, त्या गाण्यात वाजलेला तोच. गिटारीची तार पिळता येते, गळा चढवता येतो. याच्या पितळी पट्ट्यांचा सूर जिथल्या तिथे असतो. गाण्याच्या सुरुवातीला मी एकच सूर लांब धरला आहे, डावीकडून चौथ्या भोकात फुंकून. तू तोच फुंक. आधी जुन्या सीडीबरोबर, मग नव्या. ज्या सीडीशी जुळेल ती खरी. तुझ्या नोकरीत याला टेस्टिंग म्हणतात ना?

नव्याशी जुळला तर मी माफी मागेन आणि स्मृतिदिनाला पहिल्या ओळीत बसून तो कोवळा आवाज ऐकेन. पण लक्षात घे, जुनी सीडी आता बाजारात मिळत नाही. उद्या आम्ही कुणी नसू, तेव्हा नंदा म्हणून उरेल ती हीच चार मिनिटांची.
फुंकण्याआधी पुसून घे. तुझ्या आईनेही तो पुष्कळ वाजवला आहे.
तुझा,
समाधानमामा

पुणे
१५ ऑक्टोबर २००६

ती. मामांस,
साष्टांग जयभीम, असं काही असतं का ठाऊक नाही, पण आज तेच घालतो.

माऊथ ऑर्गन पोचला. शहेजादकाकांना घरी बोलावलं, पायलला पंच नेमलं. जुनी सीडी लावली, चौथं भोक फुंकलं. माझा सूर सीडीतल्या सुरात असा मिसळला की मी वाजवतो आहे की तुम्ही, ते कळेना. मग नवी लावली. मामा, दाराची कडी दगडावर घासावी तसं झालं. पायलने कान झाकले. काकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

खात्रीसाठी दोन्ही गाणी संगणकावर एकाखाली एक ठेवली. शेवटी काहीच कापलेलं नाही. पहिल्या शब्दापासून नवी थोडी थोडी पुढे पळते आणि शेवटी दहा सेकंदांनी जिंकते. हे मला पहिल्याच दिवशी करता आलं असतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस, सोनेरी अक्षरं वाचून थांबलो. आणि तुमच्या कानांबद्दल जे बोललो, त्याची लाज वाटते. माफ करा.

आज इंटरनेटवर लिहिलं की मी चुकलो, जुनी सीडी जिंकली. दोन्ही गाणी आणि माऊथ ऑर्गनचा सूर जोडून कंपनीलाही पाठवला. तक्रार कुणाची, या रकान्यात तुमचं पूर्ण नाव घातलं आणि डबा पुन्हा उघडून चिठ्ठी शोधायला सांगितलं.

नंतर जुनी सीडी एकट्याने ऐकली. कोवळी आई गेली, याचं थोडं वाईट वाटलं. तेवढ्यात पायल आतून आली आणि म्हणाली, हा जड आवाज ऐकला की मला नेहमी वाटतं तूच कुणाशी तरी फोनवर बोलतो आहेस. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

१२ तारखेला या. माऊथ ऑर्गन परत पाठवत नाही, तो घ्यायला या.
तुमच्या लोभावर माझा हक्क अजून असेल, असं धरून चालतो.
आपला,
धम्मदीप

नाशिक
२० नोव्हेंबर २००६

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो. चि. सौ. पायलच्या हातची पुरणपोळी मैत्रीने मोजली नाही, कारण डबा मी लपवला.

आता समारंभाबद्दल लिहितो. जुनी सीडी लागली आणि नंदा गायला लागली, तेव्हा शेजारच्या यमुनाबाई ताटं वाढता वाढता थांबल्या. लग्नाआधीची तिची मैत्रीण. त्या कुणाला विचारायला गेल्या नाहीत, हातातली पळी घेऊन थेट स्पीकरसमोर जाऊन बसल्या. त्यांना ओळख पटवायला पितळ लागलं नाही.

तू माऊथ ऑर्गन माझ्या हातात दिलास तेव्हा वाटलं, आता दम कुठे उरलाय. तरी स्पीकरवर एक हात ठेवला आणि वाजवलं. मला निम्मंच ऐकू येत होतं. पण ठोका तळहाताला लागत होता आणि शहेजाद मान हलवत होता, तेव्हा बरोबर असणार. बत्तीस वर्षांनी आम्ही भाऊबहीण एका सुरात वाजलो. मी जिंकलो, धम्मदीप. असं मी आयुष्यात फारदा म्हटलेलं नाही.

काल कंपनीचं पत्र इकडे आलं. थेट माझ्या नावाने. सगळ्या प्रती परत मागवल्या आहेत, जानेवारीत बरोबर वेगाची सीडी येईल. माझी चिठ्ठी डब्याच्या झाकणाला आतून चिकटलेली सापडली. मराठीत होती, म्हणून टेप साफ करणाऱ्याने ती गाण्यांची यादी समजून सोडून दिली. ती आता नव्या सीडीच्या वेष्टनात जशीच्या तशी छापणार आहेत, माझ्या नावासकट. त्यांनी प्रतही पाठवली. अक्षर माझंच, बावीस वर्षांच्या पोराचं, घाईतलं.

काय लिहिलं होतं ते मी विसरलो होतो. लिहिलंय, "वीज कमी होती. टेप हळू चालवा. माझ्या बहिणीचा आवाज जड आहे, तो तसाच ठेवा."

पत्र उशिरा पोचलं, पण पोचलं.
तुझा मामा,
समाधान