दुपारचे बंद माग

६ मे १९७४

नोंद राहावी म्हणून लिहितो: आज सकाळी माझी आरामखुर्ची कडुलिंबाच्या सावलीतून हद्दपार झाली. खटला नाही, सुनावणी नाही, अपील नाही! सावलीत आता मोटार उभी राहणार.

मोटार म्हणजे ते धूड. कुठल्याशा परदेशी पाहणीवाल्यांचं फिरतं घर, मी लिलावात घेतलेलं. आत पलंग, मोरी, शेगडी, फ्रीज. मागच्या खिडकीत एअर कंडिशनर. बदामी, ऐहोळे, कुडलसंगम — बायकोने, दाक्षायणीने, गावंही ठरवली होती. दर वर्षी मी म्हणालो, "एवढा दिवाळी अंक होऊ दे." मोटार अजून फाटकाबाहेर गेलेली नाही. तिच्यात कांदे राहतात.

डॉक्टर आज म्हणाले, दाक्षायणीचं हृदय दमलंय, हा उन्हाळा जड आहे. पुण्याला न्या, तोवर थंड जागेत ठेवा. आमच्या घरावर पत्रा. थंड होण्याजोगी खोली एकच — कांद्यांची.

८ मे

रेल्वेचा संप सुरू. पुणं राहिलं. रस्त्याने न्यायला डॉक्टर नाही म्हणतात, आणि मोटारीचं इंजिन तर नुसतं खोकतं.

श्रीमंत नावाच्या वायरमनने नवी बॅटरी बसवली. तिच्यावर एक दिवा नि एक पंखा चालतो. मी उदार होऊन फ्रीजही लावला. संध्याकाळी बॅटरी मेली — पंख्याला सोबत घेऊन.

"आणि एअर कंडिशनर?"

श्रीमंत हसला. "त्याला जनरेटर लागतंय, साहेब."

जनरेटर लिलावात वेगळा होता. पैसे वाचले म्हणून किती खूश झालो होतो!

९ मे

घरच्या लाईनवर लावून पाहिलं. फ्यूज उडाला. परत लावला. परत उडाला. श्रीमंत म्हणाला, ही दिव्याची लाईन, पॉवरची पाहिजे.

ती गल्लीत फक्त मल्लेशमकडे. आमची भिंत एक. त्याचे चार यंत्रमाग सकाळपासून माझ्या डोक्यात सुतारकाम करतात. मी त्याच्याशी बोलत नाही; त्याच्यावर लिहितो. मी जाणार नाही म्हणालो.

१० मे

दाक्षायणी स्वतःच गेली! भिंतीपाशी उभी राहून त्याच्या बायकोशी बोलली. तासाभरात जाड काळी वायर भिंतीवरून उतरली. श्रीमंतने जोडली. यंत्र नुसतं घुं घुं करून बसलं. मी म्हणालो, "उसनी वीज, उसनं अवसान!" आणि जेवायला आत गेलो.

परत येतो तर चालू! पलंगावर दाक्षायणी झोपलेली. तोंड किंचित उघडं. किती दिवसांनी.

१४ मे

चमत्कार! माझं विनोदी सदर येतं त्या साप्ताहिकात 'खटखटपुराण' छापून आलं. नाव नाही, पण सारी गल्ली ओळखते. लेख वायरीच्या आधीच धाडला होता. परत मागवता आला असता. मागवला नाही — फार छान जमला होता.

आणि गेले काही दिवस बारा ते चार पलीकडं चिडीचूप! लेख छापायच्या आधीच बंद झाले, म्हणजे धाक केवढा पाहा! रात्री मात्र सूड घेतात. मध्यरात्र उलटली तरी खटखट. पुढच्या लेखाला विषय झाला.

१८ मे

दाक्षायणीपुढे लेखणीची बढाई मारली.

"अहो, कळलं नाही व्हय तुम्हाला? माग चालू असले की आपलं यंत्र उचलत नाही. मल्लेशमण्णा दुपारी चारी माग थांबवतात. आणि रात्री जागून कापड भरून काढतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाला असता. नाहीतर लिहिला असता."

१९ मे

गेलो. मल्लेशम तुटलेला धागा जोडत होता. केसांत, भुवयांवर कापूस. मी काहीतरी अर्धंमुर्धं बोललो.

"तुमचं ते वाचलो की, साहेब. सगळ्यांना मागापाशी वाचून दाखवलो. लई हसलो! ते कानात खिळे ठोकायचं तर लई बेस."

आवाजात टोमणा शोधला. नव्हता. माझ्या धंद्यातल्या माणसाला टोमणा सापडू नये!

"अक्काला झोप लागती न्हवं?"

पैशांचं विचारलं. "पैशाचं काय काढता? बसा. चहा घेता?"

लेख द्यायचाय म्हणालो नि निघालो. लेख द्यायचा नव्हता.

२६ मे

दाक्षायणीच्या पायांना सूज आहे. बोलताना दम लागतो. दुपारी मोटारीत पडल्या पडल्या म्हणाली, "निघालो का मग?"

पुढे जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, चाक हातात धरलं.

"सावकाश चालवा. कुडलसंगम आलं की उठवा."

"बरं."

काचेतून फाटक दिसत होतं. बंद. चार वाजेपर्यंत चाक सोडलं नाही.

२८ मे

संप मिटला. पुण्याची तिकिटं काढली. शुक्रवारची.

३० मे

तिकिटं परत केली. काल पहाटे दाक्षायणी गेली.

४ जून

बारा वाजले. पलीकडचे माग थांबले. अजून थांबतात!

वायर सोडवली, पुसली, गुंडाळली आणि मल्लेशमच्या दारात नेली. तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, "त्या दिवशीचा चहा राहिलाय."

त्याच्या बायकोने चहा आणला. प्यालो. मग म्हणालो, "चालू करा."

"तुमाला तरास होतोय, साहेब."

"करा."

एक सुरू झाला. मग दुसरा. मग चारी. मी तिथेच, मागाशेजारी, चारपर्यंत बसलो.